कोकणात जाताय? आधी तिथी बघा!

शेवटचा पेपर टाकून होस्टेलवर आलं की रात्री मेसमध्ये एकच विषय असतो, कुठे जायचं? आणि महिना डिसेंबरचा असेल तर उत्तरही एकच. कोकण! अडचण एवढीच की त्या आठवड्यात अख्ख्या पुण्या-मुंबईचं उत्तर हेच असतं.

आम्ही पाच जण २८ डिसेंबर २०२४ ला, शनिवारी, एका मित्राच्या बाबांची गाडी घेऊन निघालो. (कोणत्या मित्राच्या ते लिहीत नाही. कारण पुढे कळेलच.) ताम्हिणी घाट, माणगाव, दिवेआगर, हरिहरेश्वर, मग खाडी ओलांडून केळशी, आंजर्ले, हर्णै आणि शेवटी दाभोळमार्गे गुहागर. तिथे माझं आजोळ. नकाशावर अंतरं बघितली तेव्हा हसू आलं होतं. रोज साठ-सत्तर किलोमीटर म्हणजे काय, दुपारच्या जेवणाला पोचू!

इथेच बहुतेकांचा प्लॅन फसतो. किनाऱ्याच्या रस्त्यावर अंतराला फारसा अर्थ नसतो, कारण मध्ये खाड्या येतात. दिघीजवळ राजपुरीची, बागमांडल्याला सावित्रीची, दाभोळला वाशिष्ठीची आणि पुढे जयगडची. सागरी महामार्गावरचे मोठे पूल होतील तेव्हा होतील, तोवर गाडी फेरीबोटीत घालायची. दाभोळ-धोपावे फेरी २००३ मध्ये सुरू झाली. त्याआधी गाडीवाल्यांना दाभोळहून गुहागरला जायला खेड-चिपळूणचा वळसा होता, शंभर किलोमीटरच्या वर. बोटीने तेच पाणी दहा-पंधरा मिनिटांत पार होतं. फक्त तुमचा नंबर लागला पाहिजे!

आता जरा इंजिनिअरिंग. समजा, बोटीत एका वेळी २० गाड्या मावतात आणि जाऊन-येऊन, चढ-उतार धरून ४५ मिनिटं लागतात. म्हणजे तासाला साधारण २७ गाड्या पलीकडे. एरवी तासाला १५ आल्या तर कुणालाच थांबावं लागत नाही. पण सुट्टीत तासाला ४० आल्या, तर दर तासाला १३ गाड्या मागे राहतात. सकाळी नऊपासून हे चालू झालं की दुपारी एकला ५२ गाड्यांची रांग, म्हणजे जवळजवळ दोन तास धक्क्यावर ऊन खायचं. गर्दी अडीच पट झाली म्हणून थांबणं अडीच पट होत नाही, ते शून्यावरून थेट दोन तासांवर जातं. क्यूइंग थिअरीच्या लेक्चरला मी मागच्या बाकावर झोपलो होतो. दाभोळच्या धक्क्यावर ती नीट समजली.

म्हणून पहिला नियम : आधी फेरीची वेळ ठरवा, मग मुक्काम शोधा. मुक्काम खाडीच्या अलीकडच्या काठाला घ्यायचा आणि सकाळची पहिली-दुसरी फेरी गाठायची. बागमांडल्याला आम्ही ३० तारखेला पहाटे उठून हेच केलं आणि रांग लागायच्या आत वेसवीला उतरलो. ३१ ला मात्र आळस नडला. कर्द्याला अकरापर्यंत लोळलो, दाभोळला पोचलो तर पुढे गाड्याच गाड्या! बोटीत चढायला साडेचार वाजले. (तेवढ्या वेळात धक्क्याजवळची जुनी शाही मशीद बघून झाली असती. आम्ही गाडीत बसून पत्ते खेळलो.)

बाकी तयारीचं थोडक्यात. खोल्यांसाठी फोन नोव्हेंबरमध्येच करा. घरगुती निवासात जेवायला किती जण आणि मासे खाणारे किती, हे आदल्या दिवशी सांगा, नाहीतर नारळ-मासळी आणायची कुठून? पेट्रोल माणगाव, दापोली, चिपळूण अशा मोठ्या गावात भरून घ्या. रोख पैसे ठेवा, कारण रेंज गेली की मोबाईलवरून पैसे जात नाहीत.

गुहागरला पोचलो तेव्हा सूर्य बुडायला पंधरा-वीस मिनिटं होती. सामान टाकायलाही घरी गेलो नाही. वर्षाचा शेवटचा सूर्यास्त चुकायला नको म्हणून गाडी थेट किनाऱ्यावर! पाणी खूप लांब होतं, ओली वाळू एकदम टणक, सिमेंटच्या रस्त्यासारखी. गाडी अगदी खाली नेऊन लावली. मग गाणी, फोटो, गप्पा... साडेआठला कुणीतरी म्हणालं, "पाणी जवळ आल्यासारखं वाटतंय का रे?"

चाकांपाशी आलंच होतं. गाडी चालू करून रेस दिली तसं मागचं टायर आणखी रुतलं. प्रत्येक लाट टायरखालची वाळू काढून नेत होती. मी आजोबांना फोन केला. त्यांनी कुठे आहात हे विचारलं आणि दुसराच प्रश्न, "आज तिथी काय?" माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटात. तिथी म्हणजे उपवासाची काहीतरी भानगड, एवढंच माझं ज्ञान. मी म्हटलं, "आजोबा, थर्टीफर्स्ट आहे." पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, "रेस देऊ नका. माणसं घेऊन येतो."

वाडीतली सहा माणसं जेवणावरून उठून आली. त्यांनी टायरमधली हवा थोडी काढली, टायरच्या मागची वाळू हातांनी उकरून फळ्या घातल्या, दोर बांधला आणि "हां... एकदम!" करत गाडी मागे ओढली. साडेनऊ वाजले होते. गाडी जिथे होती तिथे आता गुडघाभर पाणी होतं.

रात्री आजोबांनी कॅलेंडर काढून हिशोब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. प्रतिपदा म्हणजे १, त्याची पाऊणपट पाऊण तास, म्हणून दुपारी आणि रात्री पाऊणच्या सुमाराला भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. मला पटेना, म्हणून गणित करून पाहिलं. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्याबरोबर पुढे सरकते. ३० तिथ्यांत २४ तास, म्हणजे तिथीला ४८ मिनिटं. पाऊणपट म्हणजे ४५. पौर्णिमेपर्यंत फरक पडतो तो पाऊण तासाचा. कागदाशिवाय, भ्रमणध्वनीशिवाय एवढी ॲक्युरसी!

३० डिसेंबर २०२४ ला अमावास्या होती. म्हणजे ३१ ला प्रतिपदा, ओहोटी बरोबर सूर्यास्ताच्या पुढेमागे आणि भरती नव्या वर्षाच्या तोंडावर. त्यात अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी सगळ्यात जास्त उतरतं आणि सगळ्यात जास्त चढतं. (अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी.) म्हणून संध्याकाळी किनारा एवढा रुंद दिसत होता. शिवाय पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मी चढण होते. आमचं साडेआठ ते साडेदहा तेच चाललं होतं. किनाऱ्याचा उतार पन्नासाला एक असेल तर पाणी एक मीटर चढलं की पन्नास मीटर आत येतं. आम्ही सगळ्यात फसव्या वेळी गाडी खाली नेली होती. खरं तर ती कधीच न्यायची नसते.

गाडीचं सोडा, हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांवरून आहे आणि भरतीला लाटा तिथे माणूस ओढून नेतात. आम्ही २९ ला गेलो तेव्हा योगायोगाने पाणी खाली होतं. आजोबांना हे सांगितलं तर ते काहीच बोलले नाहीत, नुसतं बघत राहिले. तिथे ओहोटीलाच जायचं. उलट हेदवीची बामणघळ बघायला भरती हवी, घळीत पाणी घुसून उंच उसळतं ते तेव्हाच. पण लांबून!

जयगडची फेरी आम्ही रद्द केली. १ तारखेला विहिरीच्या गोड्या पाण्याने गाडी खालून-वरून दोनदा धुतली आणि चिपळूण, कुंभार्ली घाटाने परत आलो. मित्राच्या बाबांना अजून काही माहीत नाही. मॅट उचललं की वाळू मात्र अजून निघते.