तिशीतले वस्ताद

१३ जानेवारी २०२०च्या रात्री न्यू ऑर्लिन्समध्ये लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीने, म्हणजे एलएसयूने, क्लेम्सनला ४२-२५ असं हरवलं आणि अमेरिकन कॉलेज फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. मोसमातले पंधराच्या पंधरा सामने या संघाने जिंकले होते. मुख्य प्रशिक्षक एड ऑर्जेरॉन ५८ वर्षांचे, आक्रमणाची धुरा वाहणारे स्टीव्ह एन्समिंगर ६१चे. चर्चा मात्र त्यांच्या हाताखालच्या एका सहायकाची चालली होती. त्याचं नाव जो ब्रेडी, वय ३०.

हा फुटबॉल आपण पायाने खेळतो तो नव्हे. लांबोळका चेंडू फेकायचा, झेलायचा, छातीशी धरून पळायचं आणि समोरच्याने त्याला आडवं पाडायचं, असा हा दांडगा खेळ. कॉलेजचा म्हणून त्याला हलक्यात घेण्याची सोय नाही. एलएसयूच्या मैदानात एक लाखाहून अधिक प्रेक्षक मावतात, मिशिगनचं मैदान त्याहूनही मोठं आहे. अनेक राज्यांत सरकारी तिजोरीतून सर्वाधिक पगार घेणारा माणूस राज्यपाल नसतो, विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक असतो. खेळ दर काही सेकंदांनी थांबतो आणि पुढचा डाव आधी आखलेल्या योजनेतून निवडला जातो. त्यामुळे एकट्या प्रशिक्षकाला हे झेपत नाही. त्याच्या हाताखाली आक्रमणाचा एक आणि बचावाचा एक कोऑर्डिनेटर असतो, त्यांच्या खाली एकेका जागेच्या खेळाडूंना शिकवणारे सहायक. ही सहायकांची फळी गेल्या काही वर्षांत झपाट्याने तरुण होते आहे.

ब्रेडी स्वतः विल्यम अँड मेरी या छोट्या कॉलेजकडून खेळला, तिथेच शिकवू लागला, मग पेन स्टेटमध्ये दोन वर्षं उमेदवारी केली आणि न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघात कनिष्ठ सहायक म्हणून शिरला. २०१९च्या सुरुवातीला एलएसयूने त्याला उचललं. संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा सूत्रधार, होता जो बरो. २०१८मध्ये बरोच्या फेकींवर १६ टचडाउन, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीच्या टोकापार नेऊन मिळवलेले गुण, झाले होते. २०१९मध्ये ते ६० झाले, हा तेव्हाचा विक्रम. बरोला सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळाली, आणि देशातल्या सर्वोत्तम सहायकाला १९९६पासून दिला जाणारा ब्रॉइल्स पुरस्कार ब्रेडीला. लगेच कॅरोलायना पँथर्स या व्यावसायिक संघाने त्याला आक्रमणाचा कोऑर्डिनेटर करून नेलं.

इथपर्यंतची गोष्ट वर्तमानपत्रांना फार आवडली. तिच्यात एन्समिंगर मात्र कोपऱ्यात पडले. फेकीचा आराखडा ब्रेडीने आणला हे खरं. पण सामन्यात डाव पुकारण्याचं काम मुख्यतः एन्समिंगरच करत होते. शिवाय त्या संघातले १४ खेळाडू पुढच्या काही महिन्यांत व्यावसायिक संघांनी निवडून घेतले. असं सैन्य हाताशी असलं की तरुण सेनापतीची बुद्धी जरा जास्तच चमकते.

तरुण सहायक ही तशी नवी गोष्ट नव्हे. जो पटर्नो १९५०मध्ये पेन स्टेटला सहायक म्हणून आले तेव्हा २३ वर्षांचे होते. पण मुख्य प्रशिक्षक व्हायला त्यांना १९६६ उजाडावं लागलं, आणि मग ते २०११पर्यंत हलले नाहीत. बड फॉस्टर १९८७ साली व्हर्जिनिया टेकमध्ये आले ते २०१९च्या मोसमापर्यंत तिथेच सहायक राहिले, तिथेच अनेक मान मिळवले, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. आता उमेदवारीचा काळच आखूड झाला आहे. टॉमी रीस २०१३पर्यंत नोत्र दामचा क्वार्टरबॅक होता. २४व्या वर्षी तो तिथल्या क्वार्टरबॅकचा शिक्षक झाला, २७व्या वर्षी अख्ख्या आक्रमणाचा कोऑर्डिनेटर.

याचं एक कारण पडद्यामागे आहे. अमेरिकी कॉलेजांत ग्रॅज्युएट असिस्टंट नावाचा एक वर्ग असतो. पदव्युत्तर शिक्षणाची फी माफ, वर जेमतेम विद्यावेतन, आणि बदल्यात दिवसरात्र राबणं. प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांच्या चित्रफिती कापायच्या, त्याचे डाव कार्डांवर काढून सरावासाठी तयार ठेवायचे, पडेल ते काम करायचं. आपल्याकडे वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात. इथे ती सोय उरलेली नाही, कारण प्रत्येक सामन्याची प्रत्येक हालचाल सगळ्यांच्या संगणकावर असते. तासन्‌तास ती पाहणाऱ्या पंचविशीतल्या पोराला दोन-तीन वर्षांत जे कळतं, ते शिकायला पूर्वी दशक लागत असे. तारुण्याचं कौतुक होतं त्यात स्वस्त मजुरीचा वाटा किती, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. घरून आधार असल्याशिवाय असल्या पगारावर तग धरणं कठीणच.

दुसरं कारण फोन. शाळकरी खेळाडूंना आपल्या विद्यापीठाकडे ओढणं हे सहायकांचं मोठं काम. या खेळाडूंना मेसेज पाठवण्यावरचे निर्बंध फुटबॉलपुरते २०१६मध्ये उठले. २०१८मध्ये विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंद ठेवणारं ट्रान्सफर पोर्टल आलं, २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येऊ लागले. आता मुलगा संघात आणून भागत नाही, त्याला टिकवावं लागतं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाशी रात्री अकराला गप्पा मारण्याचा उत्साह साठीत कितीसा असणार?

डॅन लॅनिंगची वाटचाल या साऱ्याचा नमुना आहे. २०११मध्ये मिझुरीतल्या एका शाळेत शिकवणारा हा तरुण रात्रभर गाडी हाकत पिट्सबर्गला पोहोचला आणि तिथल्या विद्यापीठाच्या नव्या प्रशिक्षकाकडे काम मागू लागला. काम मिळालं. पुढे एका छोट्या विद्यापीठात तो पूर्ण सहायक झाला होता. तरी २०१५मध्ये एक पायरी खाली उतरून अलाबामात पुन्हा ग्रॅज्युएट असिस्टंट झाला, कारण तिथे निक सेबन हे नामांकित मुख्य प्रशिक्षक होते. चार वर्षांनी तो जॉर्जियाच्या बचावाचा कोऑर्डिनेटर झाला, २०२१च्या मोसमाचं राष्ट्रीय विजेतेपद त्या संघाने मिळवलं आणि लॅनिंग ३५व्या वर्षी ऑरेगनचा मुख्य प्रशिक्षक झाला. मेम्फिस विद्यापीठातला त्याचा जुना सहकारी केनी डिलिंगहॅम २८व्या वर्षी तिथला आक्रमण कोऑर्डिनेटर होता. ३२व्या वर्षी तो अॅरिझोना स्टेटचा मुख्य प्रशिक्षक झाला. पहिल्या मोसमात तीन विजय आणि नऊ पराभव. दुसऱ्यात त्याच संघाने बिग १२ ही स्पर्धा जिंकली.

सगळेच असे रात्री गाडी हाकून येत नाहीत. चार्ली वाइस ज्युनियर २४व्या वर्षी फ्लोरिडा अटलांटिकचा आक्रमण कोऑर्डिनेटर झाला. वडील नोत्र दामचे माजी मुख्य प्रशिक्षक, आणि त्याला नेमणारे लेन किफिन हेही नामांकित प्रशिक्षकाचेच चिरंजीव. घराणेशाही काही आपलीच मक्तेदारी नाही. तरी वाइस पुढेही टिकला, तेव्हा नुसतं आडनाव कामी आलं असंही म्हणवत नाही.

ब्रेडी गेल्यावर एलएसयूचं काय झालं? २०२०मध्ये पाच विजय, पाच पराभव. एन्समिंगर मैदानावरच्या कामातून बाजूला झाले, आणि विद्यापीठाने दुसरा ब्रेडी शोधायला घेतला तोही ब्रेडीच्याच दारात. २०२१साठी जेक पीट्झ आणि डीजे मँगस या त्याच्या कॅरोलायनातल्या दोन सहकाऱ्यांना आक्रमण सोपवलं. मोसम संपला तो सहा विजय आणि सात पराभवांवर, आणि ऑर्जेरॉनना जावं लागलं. त्याच वर्षी डिसेंबरात पँथर्सने ब्रेडीलाही काढून टाकलं. काही आठवड्यांत तो बफेलो बिल्स या व्यावसायिक संघाकडे गेला आणि कोऑर्डिनेटरपद सोडून एक पायरी खाली, क्वार्टरबॅकचा शिक्षक म्हणून कामाला लागला. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. दोन वर्षं पुरी होण्याआधीच बिल्सचं आक्रमण त्याच्या हातात आलं.