नळी कुणाची, तेल कुणाचं

बंदुकीची नळी अनेक आधुनिक कारखान्यांत ठोकून घडवतात. पोलादाची एक आखूड, जाड कांडी घ्यायची. तिला आरपार भोक पाडायचं. त्या भोकात एक अतिशय कठीण दांडी बसवायची. नळीच्या आत जे पीळदार आटे हवे असतात, त्यांचा उलटा ठसा या दांडीवर कोरलेला असतो. मग यंत्रातले चार हातोडे चारी बाजूंनी मिनिटाला शेकडो ठोके घालू लागतात. कांडी लांबत जाते, बारीक होत जाते आणि दांडी काढून घेतली की आतले आटे तयार. ऑस्ट्रियातल्या स्टायर गावची जीएफएम ही कंपनी अशी यंत्रं करण्यात नावाजलेली आहे. याच जातीच्या घडाई यंत्रांवर रेल्वेचे अ‍ॅक्सलही ठोकले जातात, म्हणजे यंत्राला स्वतःचा असा काही स्वभाव नसतो.

अशी यंत्रं म्यानमारच्या लष्करी कारखान्यांत आहेत. यांगही ली, मारझुकी दारुसमान आणि क्रिस सिडोटी या, संयुक्त राष्ट्रांसाठी पूर्वी म्यानमारची चौकशी केलेल्या तिघांच्या गटानं 2023 च्या जानेवारीत एक अहवाल काढला. त्यात या यंत्रांच्या दुरुस्तीची हकिकत आहे. युरोपीय संघानं म्यानमारवर शस्त्रबंदी घातलेली असल्यानं ऑस्ट्रियाचा इंजिनिअर हत्यारं काढून सरळ तिथे जाऊ शकत नाही. म्हणून यंत्रच जहाजावर चढतं आणि तैवानला जातं. अहवाल म्हणतो की तिथे जीएफएमशी संबंधित तंत्रज्ञ त्याची डागडुजी करतात आणि यंत्र घरी परततं. आपण हात लावतोय ते यंत्र नेमकं कुठल्या कारखान्यातलं, हे त्या तंत्रज्ञांना ठाऊक असतं का, ते अहवालालाही छातीठोकपणे सांगता आलेलं नाही.

लेथवर दोन वर्षं घालवलेल्या कुणालाही विचारा. यंत्र विकत घेणं ही नुसती सुरुवात असते. पुढे टूल लागतात, सुटे भाग लागतात, आरेखनाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स लागतं, वर्षातून एकदा सर्व्हिसवाला लागतो. गिऱ्हाईक विकणाऱ्याला कायमचं बांधलं जातं. हुकूमशहाही असाच बांधलेला असतो आणि त्याच्याविषयी लिहिताना आपण नेमकं हेच विसरतो. शस्त्रांचा व्यापार म्हटलं की सिनेमातला काळा चष्मा लावलेला दलाल डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात म्यानमारची लष्करशाही ज्यांच्या जिवावर उभी आहे, त्यातले बरेच जण सकाळी डबा घेऊन ऑफिसला जाणारे लोक आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकाला खऱ्याखुऱ्या कागदपत्रांनिशी म्हणता येतं, 'आम्ही शस्त्रं विकली नाहीत.'

मराठी वाचकाला ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, मंडालेच्या तुरुंगामुळे माहीत. टिळकांनी 'गीतारहस्य' तिथे लिहिलं आणि मंडालेत आजही राजकीय कैदी ठेवले जातात. पण त्या देशाचा आणखी एक नकाशा आहे. इरावती नदीच्या पश्चिम काठानं, बगो आणि मगवे प्रांतांत लष्कराचे शस्त्रकारखाने विखुरलेले आहेत. त्यांच्या संचालनालयाला ब्रह्मी आद्याक्षरांवरून 'का पा सा' म्हणतात. 1988 मध्ये हे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आज पंचवीसच्या आसपास असावेत असा अंदाज आहे.

त्यांचा पाया पश्चिम जर्मनीनं घातला. फ्रिट्झ वेर्नर ही तिथली सरकारी मालकीची कंपनी 1950 च्या दशकात रंगूनला, म्हणजे आजच्या यांगूनला, पोचली. तेव्हा ब्रह्मदेशात निवडून आलेलं सरकार होतं, त्यामुळे सुरुवातीला कुणी नाक मुरडण्याचं कारण नव्हतं. 1962 मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली, देश जगापासून तोडला, परदेशी धंदे हाकलून लावले. फ्रिट्झ वेर्नर मात्र राहिली. जर्मन जी-3 रायफलीची ब्रह्मी आवृत्ती तिथे तयार होऊ लागली आणि 1988 मध्ये लोक लोकशाहीसाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा सैनिकांच्या हातांत ह्याच रायफली होत्या. हजारोंनी माणसं मारली गेली. जर्मन मदत आटली. ती जागा भरायला चीन, सिंगापूर, इस्रायल, पाकिस्तान पुढे आले आणि पुढच्या पिढीच्या रायफलीचा आराखडा इस्रायलच्या गलीलवरून उचलला गेला. म्हणजे बहिष्कारानं पुरवठा थांबला नाही, पुरवठादार बदलले. शिवाय लष्कराला एक धडा मिळाला. गोळी आणि रायफल घरी करायची, बाहेरून फक्त ती करण्याची साधनं आणायची. रायफलीवर बंदी घालता येते, तांब्यावर कशी घालणार? त्या 2023 च्या अहवालात तेरा देशांतल्या कंपन्यांची नावं आहेत. तांबं आणि लोखंड चीन-सिंगापूरकडून, फ्यूज आणि विजेवर उडणारे डिटोनेटर भारत-रशियातून, आरेखनाची सॉफ्टवेअरं फ्रेंच आणि जर्मन कंपन्यांची.

1 फेब्रुवारी 2021 रोजी सरसेनापती मिन आंग हलाइंग यांच्या लष्करानं पुन्हा सत्ता हाती घेतली आणि निवडून आलेल्या नेत्या आंग सान स्यू ची यांना अटक झाली. त्यानंतरचा हिशेब संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी मे 2023 मध्ये मांडला. उठावानंतर किमान 1 अब्ज डॉलरची शस्त्रं, सुटे भाग आणि कच्चा माल लष्करापर्यंत पोचला होता. साडेबारा हजारांहून अधिक स्वतंत्र खरेद्या. रशियातून 40 कोटी 60 लाख डॉलर, चीनमधून 26 कोटी 70 लाख, सिंगापूरमधल्या कंपन्यांकडून 25 कोटी 40 लाख, भारतातून 5 कोटी 10 लाख, थायलंडमधून 2 कोटी 80 लाख.

यातला रशिया समजायला सोपा आहे. तो लपवाछपवी करत नाही. याक-130 ही हलकी लढाऊ विमानं, एमआय-35 हेलिकॉप्टरं आणि 2018 मध्ये सौदा झालेली सहा सुखोई-30 विमानं त्यानं उघडपणे दिली. मार्च 2025 मध्ये मिन आंग हलाइंग क्रेमलिनमध्ये गेले तेव्हा पुतिन यांनी त्यांचे आभार मानले ते सहा हत्तींबद्दल. म्यानमारनं मॉस्कोला हत्ती भेट दिले होते. सहा विमानं आणि सहा हत्ती, हा योगायोग वार्ताहरांच्या नजरेतून सुटला नाही.

सिंगापूर मात्र मला जास्त विचार करायला लावतं. ते सरकार शस्त्रं विकत नाही, उलट म्यानमारला शस्त्रं जाऊ नयेत हे त्याचं अधिकृत धोरण आहे. पण अँड्र्यूज यांच्या यादीत सर्वांत जास्त पुरवठादार सिंगापूरचे निघाले, 138. रशियाचे अवघे 28. तिथे एका खोलीच्या ऑफिसातून कंपनी चालते, बँकेत एलसी, म्हणजे पतपत्र, उघडलं जातं, माल तिसऱ्याच बंदरातून निघतो आणि कागदावर 'औद्योगिक सुटे भाग' असं लिहिलेलं असतं. ते खोटंही नसतं. अहवाल आल्यावर सिंगापूर सरकारनं चौकशी केली, बँका सावध झाल्या आणि पुढच्या आर्थिक वर्षात तिथून होणारा पुरवठा 11 कोटी डॉलरवरून जेमतेम 1 कोटीवर आला. एवढ्या लवकर! सरकारनं मनावर घेतलं तर नळ बंद होतो, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. पण त्याच वर्षी थायलंडमधून होणारा पुरवठा 6 कोटींवरून दुपटीवर गेला आणि त्यातला मोठा वाटा एकट्या सियाम कमर्शियल बँकेतून फिरला. पाणी उताराकडे गेलं. तरी एकूण आकडा 37 कोटी 70 लाखांवरून 25 कोटी 30 लाखांवर उतरला, हेही नोंदवायला हवं, कारण 'बंदीनं काही होत नाही' असं म्हणणाऱ्यांना हा आकडा अडचणीचा आहे.

विमान मिळालं तरी ते उडतं तेलावर, आणि लढाऊ विमानाला लागतं तेच जेट इंधन प्रवासी विमानालाही लागतं. यांगूनजवळच्या तिलावा बंदरावर उतरलेलं इंधन कुठल्या टाकीत गेलं, हे बिलावरून कळत नाही. 11 एप्रिल 2023 रोजी सगाइंग प्रांतातल्या पाझीजी गावात लष्कराला विरोध करणाऱ्यांच्या कार्यालयाचं उद्घाटन होतं. गावजेवणासाठी माणसं जमली होती, मुलं होती. आधी लढाऊ विमानानं बाँब टाकला, मग हेलिकॉप्टरनं पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. दीडशेहून अधिक माणसं मेली. त्याच्या काही महिने आधीच अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलनं या इंधनाचा माग काढला होता आणि तिथली प्रमुख परदेशी कंपनी, प्यूमा एनर्जी, देश सोडून निघाली होती. इंधन यायचं थांबलं का? नाही. ते आता व्हिएतनाममधल्या साठवण टाक्यांत मुक्काम करून, मधल्या मध्ये दोन-तीन मालक बदलून येऊ लागलं. शेवटच्या विकणाऱ्याला पहिला खरेदीदार दिसत नाही आणि पहिल्याला शेवटचा. जहाजाचा विमा उतरवणाऱ्याला तर फक्त जहाज दिसतं.

आता आपल्याकडे वळू. नागपूरचं अंबाझरी आपल्याला तलावामुळे आणि आयुध निर्माणीमुळे माहीत आहे. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारनं आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या केल्या. त्यातल्या यंत्र इंडिया लिमिटेडचं मुख्यालय अंबाझरीला आहे. 'जस्टिस फॉर म्यानमार' या गटानं प्रसिद्ध केलेल्या निर्यात नोंदींनुसार, ऑक्टोबर 2022 मध्ये या कंपनीनं 122 मिलिमीटर तोफेच्या 20 नळ्या यांगूनमधल्या एका खासगी कंपनीला पाठवल्या. तोफ नाही, फक्त नळी. तोफेची नळी ठरावीक फैरींनंतर झिजते, नेम चुकू लागतो, ती बदलावी लागते. म्हणजे आधीपासून असलेल्या तोफांना पुन्हा तरुण करणारा हा माल.

दिल्लीची बाजू मला कळत नाही असं नाही. म्यानमारशी आपली 1,600 किलोमीटरहून लांब सीमा आहे. पलीकडच्या जंगलात ईशान्येकडचे बंडखोर लपतात. आपण हात आखडता घेतला तर चीन दोन्ही हातांनी देतो, आणि तसं घडतंही. 2020 मध्ये आपण म्यानमारला 'सिंधुवीर' ही जुनी पाणबुडी दिली, पुढच्याच वर्षाअखेर चीननंही एक दिली. पाणबुडीच्या बाबतीत हा युक्तिवाद मी ऐकून घेईन, कारण पाणबुडी गावावर चालवता येत नाही. तोफेच्या नळीपाशी मात्र तो गळून पडतो. म्यानमारचं लष्कर तोफा चीनवर रोखत नाही. मिझोरामला लागून असलेल्या ज्या चिन प्रांतात ते तोफा आणि विमानं वापरतं, तिथून जीव वाचवून निघालेली हजारो माणसं मिझोराममध्ये आली. त्यांना परत पाठवा, असं केंद्रानं 2021 च्या मार्चमध्ये कळवूनही मिझो लोकांनी त्यांना ठेवून घेतलं. शाळांत, चर्चच्या आवारात, नातलगांच्या घरी. एका हातानं पाठवलेल्या मालाची भरपाई ऐझॉलच्या चुली करत आहेत, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही.

जून 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारकडे शस्त्रांचा ओघ थांबवावा असा ठराव आला. 119 देश बाजूनं, एकटा बेलारूस विरोधात, 36 तटस्थ. तटस्थांत चीन, रशिया आणि भारत. त्या ठरावाच्या बाजूनं हात वर करणाऱ्यांत खुद्द म्यानमारचे राजदूत क्यॉ मो तुन होते. उठावाला त्यांनी उघड विरोध केला होता आणि लष्करानं बडतर्फ करूनही ते आपल्या खुर्चीवर बसून होते. आमसभेचा ठराव बंधनकारक नसतो. बंधनकारक शस्त्रबंदी फक्त सुरक्षा परिषद घालू शकते, आणि तिथे रशिया व चीन यांच्याकडे नकाराधिकार आहे. मोठे पुरवठादारच दाराशी राखणीला बसले आहेत.

मग लष्करानं बंदीला उत्तर कसं दिलं? महाग वस्तूकडून स्वस्त वस्तूकडे जाऊन. अलीकडे ते पॅरामोटर वापरतं. पर्यटनस्थळी हौशी लोक उडवतात तेच, छत्रीला टांगलेलं एक छोटं इंजिन, मागे पंखा आणि आसनावर बसलेला एक माणूस. त्याला जेट इंधन लागत नाही, धावपट्टी लागत नाही आणि शस्त्रांच्या कुठल्याही यादीत ते सापडत नाही. ते खेळाचं साहित्य आहे. त्यावरून माणूस हातानं बाँब खाली सोडतो.

ब्रह्मी लोकांचा थाडिंजुट हा सण आपल्या दिवाळीच्या जरा आधी, आश्विनाच्या आसपास पौर्णिमेला येतो. वर्षावास संपतो, बुद्ध स्वर्गातून परतला म्हणून घराघरांपुढे मेणबत्त्या आणि कंदील लागतात. 6 ऑक्टोबर 2025 च्या संध्याकाळी सगाइंगमधल्या चाउंग-ऊ भागात माणसं मेणबत्त्या घेऊन जमली होती. सणासाठीही आणि लष्कराच्या निषेधासाठीही. अंधारात वरून इंजिनाची घरघर ऐकू आली. वीसहून अधिक माणसं गेली. ते इंजिन कुठल्या देशात बनलं, कुठल्या कंपनीनं कुणाला विकलं, बिलावर काय लिहिलं होतं, हा माग काढण्याचं काम आता कुणीतरी पुन्हा पहिल्या कागदापासून सुरू करेल.