टर्बो सगळ्यात शेवटी

जुना पिकअप, नवे बळ : लेखांक ५

मागच्या लेखांकात फोर्ड एफ-१५० ट्रकमधले ३०० घनइंची इंजिन उतरवून स्टँडवर चढवण्यापर्यंत आपण आलो. हे सरळ सहा सिलिंडरचे इंजिन १९६५ पासून १९९६ पर्यंत बनत राहिले. घरच्या गॅरेजात टर्बो बसवू पाहणारे अमेरिकेतले हौशी लोक याच्याकडे वळतात, त्याला सबळ कारण आहे. ब्लॉक बिडाचा आणि जाड, क्रँकशाफ्टला सात मेन बेअरिंगांचा आधार, टायमिंगला साखळीच्या जागी गिअर, बोअर ४ इंच आणि स्ट्रोकही जवळजवळ तेवढाच. एवढ्या भक्कम सांगाड्यातून फॅक्टरीने शेवटच्या वर्षांत काढली ती सुमारे १५० अश्वशक्ती, तीही ३४०० फेऱ्यांना. छाती मोठी आणि श्वास अपुरा, अशी ही अवस्था. तेव्हा आत जास्त हवा कोंबावी हा विचार बरोबरच आहे. चुकतो तो कामाचा क्रम. बहुतेक जण आधी टर्बो विकत आणतात आणि उरलेल्या पैशांत बाकीचे भागवतात. माझ्या मते पैसा आधी पेट्रोल, ठिणगी आणि उष्णता यांच्यावर ताबा ठेवणाऱ्या वस्तूंवर खर्च व्हावा, कारण घरी बांधलेले इंजिन टिकणार की फुटणार हे तिथेच ठरते.

याचा पुरावा १९६२ सालीच मिळाला आहे. त्या वर्षी जनरल मोटर्सच्या दोन शाखांनी टर्बो असलेली मोटार बाजारात आणली. ओल्डस्मोबाइल जेटफायरच्या ३.५ लिटर व्ही-८ इंजिनाचे कॉम्प्रेशन १०.२५ ठेवले होते आणि टर्बोचा दाब होता जेमतेम ५ पीएसआय. एवढ्या कॉम्प्रेशनवर इंजिन ठोकू लागते, म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण आत फवारण्याची सोय केली. टाकी मालकाने भरत राहायची होती. अनेकांनी ती भरली नाही. टाकी रिकामी झाली की दाब कमी करणारी झडप होती, पण मग गाडी मरगळायची. दोन वर्षांत मॉडेल बंद पडले आणि बऱ्याच गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवले गेले. दुसरी गाडी शेव्हरोलेची कॉर्व्हेअर स्पायडर. तिचे कॉम्प्रेशन ८ वर उतरवलेले होते आणि टर्बोची कॉर्व्हेअर १९६६ पर्यंत विकली गेली. जेटफायरची यंत्रणा गुंतागुंतीची होती हे खरेच, पण ती गुंतागुंत करावी लागली ती कॉम्प्रेशन उतरवले नाही म्हणून. “मी फक्त पाच पीएसआय देणार, मला कशाला काय बदलायला हवे?” असे म्हणणाऱ्याला जेटफायर हेच उत्तर आहे. सुदैवाने फोर्डच्या या इंजिनाचे कॉम्प्रेशन वर्षागणिक ८ ते ९ च्या आसपासच राहिले, त्यामुळे निम्मी वाट आधीच चाललेली आहे.

आता उष्णतेचा हिशेब मांडू. सायकलमध्ये हातपंपाने हवा भरताना पंपाचे टोक चटका देते, तेच टर्बोत घडते. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय असतो. त्यावर टर्बोने आणखी निम्मा चढवला, म्हणजे ७.३५ पीएसआय, आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर २७ अंशांची हवा सुमारे ८० अंशांवर जाते. दाब दीडपट झाला तरी हवेची घनता सव्वापटीच्या जरा वर एवढीच भरते. ठीकसा इंटरकूलर ही हवा ४३ अंशांपर्यंत उतरवतो आणि घनता १.४ पटीवर जाते. म्हणजे इंटरकूलरने दोन कामे साधतात : ताकद वाढते आणि नॉकिंग लांब जाते. नॉकिंगला हलके घेऊ नये. ठिणगीने पेटवलेली ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकते आणि त्या धक्क्याने ओतीव पिस्टनची रिंगांमधली कड तुटते. ते टाळण्यासाठी दाब चढताना मिश्रण दाट लागते. एरवी १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल पुरते, दाबाखाली हवा १२ भागांच्या आत आणावी लागते. ठिणगीही दर पीएसआयमागे अंदाजे एक अंश उशिरा द्यावी लागते. १९८७ नंतरच्या इंजेक्शनवाल्या ३०० चा मूळ संगणक यासाठी बनलेला नाही, कारण त्याचा दाब मोजणारा सेन्सर वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो. त्याच्यापुढे काय घडते ते संगणकाला दिसतच नाही. म्हणून स्वतः प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर, मोठे इंजेक्टर आणि वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर या तीन वस्तू मी टर्बोच्या आधी लिहीन.

इंजिन उघडे आहे तोवर रिंगाही पाहून घ्याव्यात. साध्या इंजिनात वरच्या रिंगेच्या टोकांमध्ये बोअरच्या दर इंचाला ४ हजारांश इंच फट पुरते, म्हणजे इथे १६ हजारांश. टर्बोच्या उष्णतेत रिंग जास्त फुगते, टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग बोअरमध्ये अडकून पिस्टन फोडते. म्हणून फट २० ते २४ हजारांश ठेवावी. कानसेने अर्ध्या तासात होणारे हे काम राहून गेले, तर अख्खे इंजिन पुन्हा उतरवावे लागते. शक्य असेल तर पिस्टन घडीव घ्यावेत. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखावर फेऱ्या घेत तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो, म्हणून तेल परत नेणारी नळी जाड आणि सरळ उताराची हवी, आणि ती इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधल्या तेलाच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. नाहीतर तेल तुंबते आणि सील ओलांडून धूर होतो.

कोणी विचारेल, कॉर्व्हेअर कार्ब्युरेटरवर चालली, मग आपण का नाही? चालेल. पण तिच्यात टर्बो कार्ब्युरेटरमधून मिश्रण ओढत असे, आणि मिश्रण इंटरकूलरमधून नेले की पेट्रोल आत साचते. म्हणजे इंटरकूलर सोडावा लागतो, आणि वर दिलेला हिशेब पाहता तो सोडणे महाग पडते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : एवढ्या खर्चात व्ही-८ बसेल. नुसती ताकदच हवी असेल तर व्ही-८ बसवा, त्यात वाद नाही. ३०० ला टर्बो द्यायचा तो २००० फेऱ्यांच्या आसपासचा त्याचा मूळ जोर वाढवण्यासाठी, आणि त्यासाठी टर्बोही लहान, लवकर जागा होणारा निवडायचा. कायदाही आधीच पाहावा. कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना धुराची तपासणी चुकत नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरबदल करू देत नाही, तेव्हा इथल्या वाचकाने हे वाचून रस्त्यावरच्या गाडीला हात घालू नये.

टर्बोपुरतेच पैसे हातात असतील तर यंदा कंट्रोलर आणि वाइडबँड घ्या, टर्बो पुढच्या वर्षी. पुढच्या आठवड्यात एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे वळू. तोपर्यंत सहाही सिलिंडरांच्या रिंगांची फट फिलर गेजने मोजून कागदावर लिहून ठेवा.