गंजलेला नट : ज्योत बरी की वीज?

मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा असो वा अलिबाग, रायगडच्या किनाऱ्यावर गॅरेज चालवणाऱ्याचा मोठा वैरी म्हणजे गंज. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि मासळीच्या टेम्पोतून चासीवर गळणारे खारट पाणी यांमुळे नट आणि बोल्ट एकजीव होतात. पान्याला जोर लावला तर नटाचे कोपरे झिजतात, नट मात्र हलत नाही. मग उस्ताद शागिर्दाला सांगतात, "गॅस लाव!"

ऑक्सिजन-ॲसिटिलीनची ज्योत ३००० अंश सेल्सियसच्या वर जाते. नट लाल होतो, पण शेजारचा रबरी बुश, ब्रेकचा पाईप आणि वायरिंगही भाजून निघते. वीस रुपयांच्या नटापायी गिऱ्हाइकाचा महागडा सुटा भाग जातो आणि भरपाई कारागिराच्या खिशातून होते.

यावर इंडक्शन हीटर हा चांगला उपाय आहे. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेल्या तत्त्वावर तो चालतो. तारेच्या वेटोळ्यातून वेगाने दिशा बदलणारी वीज वाहते आणि वेटोळ्यात धरलेल्या लोखंडातच उष्णता निर्माण होते. लहानसा नट साधारण अर्ध्या मिनिटात तापतो, फुगतो आणि गंजाची पकड सुटते. शेजारच्या रबराला थेट झळ लागत नाही.

विजेचा हिशेबही सोपा आहे. दीड किलोवॅटचे यंत्र अर्धा मिनिट चालवले तर एका युनिटमध्ये सुमारे ८० नट तापतात. सिलिंडर आणणे, भरणे, सांभाळणे ही दगदग तेवढ्या कामापुरती वाचते.

मात्र या यंत्राने पत्रा कापता येत नाही, वेल्डिंग होत नाही, ॲल्युमिनियमवर ते फारसे चालत नाही आणि वीज गेली की काम थांबते. म्हणून गॅसचा संच लगेच विकू नये.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ज्योत नाही म्हणजे आगीची भीती नाही, असे मुळीच नाही. लाल झालेला नट पेट्रोलची वाफ आणि गंज सोडवण्याचे तेल सहज पेटवतो. इंधनाची टाकी, सीएनजीची नळी आणि एअरबॅग यांच्याजवळ हे यंत्र वापरू नये. आधी बॅटरीची तार काढावी, हातमोजे घालावेत, अंगठी व घड्याळ उतरवावे. छातीत पेसमेकर असलेल्याने यंत्राजवळ थांबू नये. तापवलेला बोल्ट पुन्हा बसवू नये, त्याच प्रतीचा नवा घालावा.

कारागीर बंधूंनो, खरेदीपूर्वी महिनाभर वहीत नोंद ठेवा : गॅस किती वेळा लावला, त्यात नुसते नट सोडवायला किती वेळा, आणि शेजारचे काय काय भाजले. आकडा मोठा निघाला तर यंत्र घ्या. लहान निघाला तर शेजारच्या दोन-तीन गॅरेजवाल्यांनी मिळून एक घ्यावे. ते हातात मावते, एका गॅरेजातून दुसऱ्यात सहज नेता येते.