भिडलेल्या दीर्घिकांचे छायाचित्र कसे पाहावे?

आयर्लंडच्या मध्यभागी बर्र नावाचे गाव आहे. तिथल्या किल्ल्याच्या आवारात तिसरे अर्ल ऑफ रॉस, विल्यम पार्सन्स यांनी 1845 मध्ये 1.83 मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभारली. आरसा तांबे आणि कथलाच्या मिश्रधातूचा होता, वजन सुमारे तीन टन. 1917 पर्यंत जगात याहून मोठी दुर्बीण नव्हती. 1845 च्याच वसंतात रॉस यांनी मेसिए 51 या तेजोमेघाचे रेखाटन केले: एक भोवरा आणि त्याच्या भुजेच्या टोकाला लागून एक छोटा गोळा. धूसर तेजोमेघाला सर्पिल आकार असतो, हे तेव्हा प्रथमच दिसले. ही अब्जावधी ताऱ्यांची दीर्घिका आहे, हे मात्र विसाव्या शतकात कळले.

आज हबल आणि वेब या अवकाश दुर्बिणींनी टिपलेली अशा भिडलेल्या दीर्घिकांची छायाचित्रे आपल्या मोबाइलवर येतात. ती पाहताना पुढच्या क्रमाने जावे.

आधी जोडी खरी आहे का, हे विचारावे. एका दिशेला दिसणाऱ्या दीर्घिका शेजारी असतीलच असे नाही आणि बहुतेक जण इथेच फसतात. ‘स्टीफनचे पंचक’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या पाचांपैकी एक दीर्घिका सुमारे 4 कोटी प्रकाशवर्षांवर आहे, तर उरलेल्या चार सुमारे 29 कोटींवर. प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाशाने वर्षभरात कापलेले अंतर. मेसिए 51 आणि रॉस यांनी छोटा गोळा म्हणून रेखाटलेली तिची सोबतीण दीर्घिका, ही जोडी मात्र खरी आहे.

मग आकाराकडे यावे. लांब शेपट्या आणि दोन दीर्घिकांना जोडणारे पूल हे भरती-ओहोटीच्या बलाचे काम. जवळच्या बाजूवर सोबतिणीची ओढ जास्त, दूरच्या बाजूवर कमी. त्यामुळे दीर्घिका ताणली जाते आणि ती फिरत असल्याने ताणलेला भाग वळतो. म्हणूनच पुष्कळदा एक भुजा सोबतिणीकडे जाते आणि दुसरी नेमकी उलट दिशेला. ॲलर आणि यूरी टूम्रे या भावांनी 1972 मध्ये संगणकावर हे आकार निव्वळ गुरुत्वाकर्षणातून काढून दाखवले. मेसिए 51 त्यांच्या उदाहरणांत होती. मला हे काम फार मोलाचे वाटते. कोट्यवधी वर्षे चालणाऱ्या घटनेचा एकच क्षण आपल्याला दिसतो, तिचे आधीचे आणि नंतरचे क्षण अशा गणितातूनच उलगडतात.

‘टक्कर’ या शब्दाने तारे ताऱ्यांवर आदळत असतील असे वाटते. तसे जवळपास कधीच होत नाही. सूर्य संत्र्याएवढा धरून बर्रला ठेवला, तर त्याचा सर्वांत जवळचा तारा साधारण रोमला असेल. मधली जागा रिकामीच.

वायूचे तसे नाही. त्याचे ढग दाबले जातात आणि तिथे नवे तारे जन्मतात. हबलने 2005 मध्ये टिपलेल्या मेसिए 51 च्या चित्रातले भुजांवरचे गुलाबी ठिपके म्हणजे कोवळ्या ताऱ्यांनी तापवलेला हायड्रोजन. चित्रात सोबतीण एनजीसी 5195 हिच्यावर काळसर धुळीचे पट्टे नीट पाहावेत. ते तिचे नाहीत, पुढून जाणाऱ्या भुजेचे आहेत. म्हणजे सोबतीण मागे आहे. सपाट चित्रातून खोली अशी कळते.

रंग शेवटी तपासावेत. अवकाश दुर्बीण वेगवेगळ्या गाळण्यांतून कृष्णधवल चित्रे घेते, रंग नंतर भरतात. वेब तर अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी उष्णतेची किरणे टिपते. त्यामुळे हबलच्या चित्रात काळी दिसणारी धूळ वेबच्या 2023 च्या चित्रात जाळीसारखी उजळते. 

मेसिए 51 आपणही पाहू शकतो. एप्रिल-मे महिन्यांत, शहराच्या उजेडापासून दूर, सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाला असलेल्या मरीची ताऱ्याजवळ शोधावे. लहान दुर्बिणीतून शेजारी शेजारी दोन धूसर ठिपके दिसतील. भुजा दिसल्या नाहीत म्हणून दुर्बीण बिघडली असे समजू नये. त्यांच्यासाठी मोठा आरसा आणि खूप काळोखे आकाश लागते.