ट्रोलधाड: समज आणि वस्तुस्थिती

ऑनलाइन छळ पडद्यापुरता असतो, मोबाइल बाजूला ठेवला की संपतो, हा सर्वांत पसरलेला समज. पण पत्रकाराचे स्रोत, वाचक आणि संपादकाचे निरोप त्याच मोबाइलवर असतात. तो बंद करणे म्हणजे काम बंद करणे, आणि ट्रोलधाडीला नेमके तेच हवे असते. युनेस्को आणि आयसीएफजे या पत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२० सालच्या पाहणीत ७३ टक्के महिला पत्रकारांनी ऑनलाइन हिंसा सोसल्याचे सांगितले. २० टक्क्यांना त्या हिंसेशी जोडलेला हल्ला किंवा शिवीगाळ प्रत्यक्ष जगातही सोसावी लागली. ३० टक्के जणींनी समाजमाध्यमांवर लिहिताना हात आखडता घेतला. पाहणी स्वतःहून उत्तरे देणाऱ्यांची होती, म्हणून हे आकडे सरसकट सगळ्यांना लावू नयेत. तरी शेवटचा आकडा जास्त बोलका आहे: न लिहिलेली बातमी कुठल्याच मोजणीत येत नाही.

आक्षेपार्ह ऑनलाइन मजकूर गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ‘६६ अ’ कलम गेले आणि कायदाच उरला नाही, असेही म्हटले जाते. ते कलम छळ रोखण्यापेक्षा मतप्रदर्शनावरच जास्त चालले. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदवर फेसबुकवर प्रश्न विचारणारी एक तरुणी आणि ती पोस्ट ‘लाइक’ करणारी दुसरी, अशा दोघींना पालघरमध्ये अटक झाली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात कलम रद्द केले. कडक टीका हा गुन्हा नव्हे. धमकी आणि स्त्रीचा ऑनलाइन पाठलाग मात्र भारतीय न्याय संहितेत गुन्हे आहेत. संमतीविना खासगी छायाचित्रे पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्यात.

खोट्या नावामागचा माणूस सापडत नाही, हे अर्धेच खरे. जानेवारी २०२२ मध्ये ‘बुली बाई’ ॲपवर पत्रकारांसह अनेक मुस्लिम महिलांची छायाचित्रे ‘लिलावा’ला लावली गेली. ॲपच्या प्रचारासाठीच्या समाजमाध्यम खात्यांना शीख वाटतील अशी नावे होती. तरीही मुंबई आणि दिल्ली पोलिसांनी आठवड्याभरात बंगळूरू, उत्तराखंड आणि आसामातून संशयितांना पकडले. अडते ते बहुधा तंत्रापाशी नाही, तक्रार मनावर घेण्यापाशी.

ब्लॉक केले की झाले, हाही समज अपुरा. ब्लॉक जरूर करावे, पण आधी तारीख आणि लिंकसह स्क्रीनशॉट ठेवावा. मजकूर उडाला की पुरावाही जातो. १९३० हा सायबर हेल्पलाइन क्रमांक मुख्यतः आर्थिक फसवणुकीसाठी आहे; छळाची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात करता येते.