आधी अक्षरं, मग फुगा

पालेगावातल्या आमच्या सोसायटीत सुट्टीला पोरं चित्रकथा काढायला बसतात. बहुतेक जण आधी फुगा काढतात आणि मग त्यात वाक्य कोंबतात. मी उलटं करायला लावतो: आधी अक्षरं, मग भोवती फुगा. देवनागरीत ओळींमध्ये जागाही जास्त सोडावी लागते, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत अडकतो. आधी बोलणारा डावीकडे. जपानी मांगा उजवीकडून वाचतात, तिथे तो उजवीकडे. हे ऐकून एकाने वही उलटीच धरली.

या पोरांचा देव शिनचॅन. उसुई योशितो यांनी तो १९९०मध्ये सुरू केला, तोही मोठ्यांच्या साप्ताहिकात. आयांना हे सांगितलं की त्यांना आपला संशय खरा ठरल्यासारखं वाटतं. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९१मध्ये, आपल्याकडे 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू आला. तो रोजचा. साप्ताहिकवाल्याला सहा दिवस विचाराला मिळतात. रोजच्या पट्टीवाल्याला आजचं हसू छापून येईपर्यंत उद्याचं तयार ठेवावं लागतं. वर्षानुवर्षं हे करायचं, आणि चिंटूचं वय मात्र वाढू द्यायचं नाही.

चिंटूचा संग्रह उघडून मी पोरांना रेषा मोजायला सांगतो. एकाने पहिल्या चौकटीत शाळेची इमारत गजांसकट काढली होती. तिसऱ्या चौकटीपर्यंत त्याचा हात गळाला, इमारतीची भिंत झाली. मोजक्या रेषा ही आधी हाताची सोय असते, शैली नंतर. शिवाय मागची खिडकी बोलायला लागली, की भुवई कोण बघणार?

एका मुलीची पट्टी मला फार आवडली. पहिल्या चौकटीत आई म्हणते, "टँकर आला नाहीये, पाणी जपून वापर." दुसरीत मुलगा नुसताच उभा, चेहरा शहाण्यासारखा. तिसरीत तो गणवेशात, केस उभे: "आंघोळीचं सगळं पाणी वाचवलं!" चौथीत आईचा आरडाओरडा. मी चौथीवर तळहात ठेवला आणि शेजारच्याला वाचायला दिलं. तो खुदकन हसला. म्हटलं, बघ, इथेच संपव.

"पण काका, आई ओरडणारच ना," असं म्हणून तिने माझा हात बाजूला केला आणि आईचे दात रंगवायला घेतले.